विधानसभेतील प्रश्न आणि चर्चा : या चुका टाळा

अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की गोव्यात ग्रामसभांतून, नागरिकांच्या संघटनांतून आणि शेतकऱ्यांच्या बैठकांतून आमदारांकडे प्रश्नांचे कागद जाऊ लागतात. हे राज्य लहान आहे, आमदार ओळखीचा असतो, आणि सामान्य माणसाने लिहून दिलेला प्रश्न पर्वरीच्या सभागृहात मंत्र्यांसमोर येऊ शकतो. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेल्यानंतर चाळीस जणांच्या या सभागृहात विरोधी बाकांवर सातच जण राहिले. एवढ्या संख्येने मतदान जिंकता येत नाही, पण नेमका विचारलेला प्रश्न सरकारकडून लेखी कबुली मिळवू शकतो. म्हणून प्रश्न तयार करताना होणाऱ्या चुका आज अधिक महाग पडतात, आणि त्यांपैकी बहुतेक चुका सभागृहात नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, मसुदा लिहिताना होतात.

प्रश्नात काळ, जागा आणि आकडा नसणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे. ‘तालुक्यात पाण्याची टंचाई आहे हे खरे आहे काय आणि सरकार त्यावर कोणती पावले उचलत आहे?’ असा प्रश्न दिला की ‘होय, आवश्यक ती पावले उचलली जात आहेत’ असे उत्तर येते. ते खोटे नसते, पण त्यातून काहीही हाती लागत नाही, आणि दोष उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा नसून प्रश्नाच्या रचनेचा असतो.

तोच विषय असा मांडता येईल : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळात पेडणे तालुक्यातील कोणत्या ग्रामपंचायतींना टँकरने पाणी पुरवले, प्रत्येक पंचायतीत दर महिन्याला टँकरच्या किती फेऱ्या झाल्या, पाणी कोणत्या ठिकाणी भरले, कंत्राटदाराला एकूण किती रक्कम दिली आणि फेऱ्यांची नोंद प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा कोणता. या प्रश्नाला ‘होय’ म्हणून सुटता येत नाही. फेऱ्या आणि रक्कम शेजारी शेजारी आली की हिशेब जुळतो की नाही, हे गावातला कोणीही माणूस सांगू शकतो.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच वाईट आहे. ‘गेल्या दहा वर्षांत सर्व खात्यांनी दिलेल्या सर्व कंत्राटांचा तपशील द्या’ असे विचारले की एक तर ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे उत्तर येते, नाहीतर शेकडो पानांचे परिशिष्ट ऐन वेळी हातात पडते आणि ते वाचून उपप्रश्न, म्हणजे उत्तरावर लगेच विचारायचा पुढचा प्रश्न, काढायला कोणालाच वेळ राहत नाही. एक खाते, एक तालुका, एक आर्थिक वर्ष, एवढ्यावर थांबावे.

प्रश्नातच भाषण करणे

लोकसभेच्या कार्यपद्धती नियमांतील नियम ४१ प्रश्नाच्या ग्राह्यतेविषयी आहे. प्रश्न साधारणपणे दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा, त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, दोषारोप किंवा बदनामीकारक विधान नसावे, मत मागू नये आणि काल्पनिक परिस्थितीविषयी विचारू नये, असे तो सांगतो. विधानसभांचे नियम संविधानाच्या अनुच्छेद २०८ खाली त्या त्या सभागृहाने केलेले असतात आणि त्यांचा रोखही हाच असतो. तरीही ‘सरकारच्या निष्काळजीपणामुळे’ किंवा ‘बिल्डरांच्या दबावाखाली’ असे शब्द मसुद्यात हमखास येतात. संताप खरा असतो, तो मला समजतो, पण त्या एका शब्दामुळे अख्खा प्रश्न फेटाळला जाऊ शकतो. शेतजमिनीच्या रूपांतराचा प्रश्न असेल तर सर्वे क्रमांक, क्षेत्रफळ, अर्जाची तारीख आणि मंजुरीची तारीख मागावी. दबाव होता की नाही, ते त्या दोन तारखांमधले अंतर पाहून वाचणारा ठरवील.

मंत्री ‘विषय न्यायप्रविष्ट आहे’ असे म्हणतील, ही शक्यताही आधीच धरून चालावी. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातील ८८ खाण लीजांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले. त्या निकालाच्या योग्यायोग्यतेवर सभागृहात उत्तर मिळणार नाही, पण वसुलीच्या किती नोटिसा काढल्या, त्यांच्या तारखा कोणत्या, किती रक्कम तिजोरीत जमा झाली, हे सरकारच्या स्वतःच्या दप्तरातले तपशील आहेत आणि ते विचारता येतात.

चुकीच्या दारावर जाणे

धरणाचे पाणी जलस्रोत खात्याकडे असते आणि नळाच्या पाण्याची जबाबदारी दुसरीकडे. मुरगाव बंदरातील कोळसा हाताळणीचा मोठा भाग केंद्राच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे त्याविषयीचा प्रश्न गोव्याच्या दोन लोकसभा खासदारांपैकी एकाने किंवा राज्यसभेतील एकमेव खासदाराने विचारला तर अधिक फळ देतो. खाते चुकले की प्रश्न दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो आणि त्यात दिवस जातात.

उपप्रश्नाची तयारी न करणे

तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठी दिलेल्या, प्रश्नाचे सारे बळ उपप्रश्नात असते. लेखी उत्तर अधिकारी तयार करतात. उपप्रश्नाला मात्र मंत्र्यांना उभे राहून स्वतः उत्तर द्यावे लागते. हा अधिकार सहज मिळालेला नाही. ब्रिटिश राजवटीत १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातील सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उपप्रश्नाची नाही. ती १९०९ मध्ये आली आणि तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्यालाच. आज तोच अधिकार आपले अनेक सदस्य मतदारसंघाची पार्श्वभूमी सांगण्यात खर्च करतात आणि शेवटी एका दमात चार गोष्टी विचारतात. मंत्री त्यांतील सर्वांत सोप्या गोष्टीचे उत्तर देऊन बसतात, आणि त्यात त्यांना दोष देता येत नाही. एका उपप्रश्नात एकच गोष्ट विचारावी, आणि ती शक्यतो लेखी उत्तर आणि परिशिष्ट यांतील विसंगतीतून काढावी.

विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे भाग (शेअर) विकत घेतल्याचे प्रकरण १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्नातूनच पुढे आले. फिरोज गांधी यांनी त्याचा कागदोपत्री पाठपुरावा केला, चौकशीसाठी छागला आयोग नेमला गेला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. फिरोज गांधी तेव्हा सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, हे आपल्याकडच्या सत्ताधारी आमदारांनी विशेष लक्षात घ्यावे. ‘माझ्या मतदारसंघात झालेल्या कामांची माहिती द्यावी’ असा कौतुकाचा प्रश्न प्रश्नोत्तराच्या मौल्यवान तासातून कोणाचा तरी खरा प्रश्न बाहेर ढकलतो.

प्रश्नोत्तराचा तास गोंधळात घालवणे

सभापतींच्या आसनासमोर धाव घेण्याला लोकशाहीत जागा आहे, विशेषतः बोलण्याचे इतर सर्व मार्ग बंद केले गेले असतील तेव्हा. पण प्रश्नोत्तराच्या तासात कामकाज तहकूब झाले की लोकसभेतही तारांकित प्रश्नांची उत्तरे केवळ लेखी स्वरूपात नोंदली जातात आणि उपप्रश्न बुडतात. अडचणीतला मंत्री सुटतो तो असा. सत्ताधाऱ्यांची चूक वेगळी असते : ‘तुमच्या काळात काय झाले?’ हे कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नाही. अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ आज विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे.

गोवामुक्तीच्या सत्याग्रहासाठी १९५५ मध्ये येथे येऊन पोर्तुगीज लष्करी न्यायालयाकडून बारा वर्षांची शिक्षा घेतलेले मधू लिमये पुढे लोकसभेत गेले, तेव्हा नियमांच्या अचूक जाणिवेमुळे मंत्री त्यांना वचकून असत. आवाज चढवणाऱ्यांपेक्षा नियम दाखवणारा सदस्य सरकारला अधिक जड जातो, हे त्यांच्या कामातून दिसते.

अर्थसंकल्पातील खात्यांच्या मागण्यांवरील चर्चेतही हाच दोष आढळतो. मागितलेली रक्कम कमी करण्याची कपात सूचना दिली जाते, पण भाषण रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या यादीवर संपते. धोरणाला विरोध असेल तर मागणी एक रुपयापर्यंत कमी करण्याची सूचना द्यावी आणि पर्यायी धोरण मांडावे. एखादी विशिष्ट तक्रार असेल तर शंभर रुपयांची लाक्षणिक कपात सुचवून त्या तक्रारीवरच बोलावे.

उत्तर मिळाले की फाइल बंद करणे

वृत्तपत्रांत कोणत्या आमदाराने किती प्रश्न विचारले याचे तक्ते येतात. ती संख्या गुणवत्तेबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. उत्तराचे पुढे काय केले, हे पाहायला हवे. ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवली जाईल’ किंवा ‘चौकशी करू’ हे शब्द आश्वासन मानले जातात आणि दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही हे पाहणाऱ्या आश्वासन समितीकडे जातात. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि आश्वासन तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते. गोवा विधानसभेलाही अशी समिती आहे. म्हणून ज्याने प्रश्न सुचवला त्याने उत्तराची प्रत मागून घ्यावी, प्रश्न क्रमांक आणि तारीख जपून ठेवावी, उत्तरातील माहिती जागेवर जाऊन पडताळावी, आणि फरक आढळल्यास पुढच्या अधिवेशनासाठी त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन नवा मसुदा नोटिशीची मुदत संपण्याआधी आमदाराच्या हाती द्यावा.