रिडंडन्सी विम्याचा दावा आणि जॉबसेंटरची नोंदणी: ब्रिटनमध्ये नोकरी गेल्यावर काय आणि कोणत्या क्रमाने करावे

ब्रिटनमध्ये कंपनीने पदच रद्द केल्यामुळे नोकरी गेली, की तिला रिडंडन्सी म्हणतात. या धोक्यासाठी, म्हणजे घराच्या कर्जाचा हप्ता किंवा पगाराचा काही भाग काही महिने मिळत राहावा म्हणून विमा घेतलेला माणूस भरपाई मागायला गेला, की विमा कंपनीचा एक प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही बेरोजगार म्हणून जॉबसेंटरमध्ये, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालयात, नोंद केली आहे का, आणि कोणत्या तारखेला? ही नोंद नसेल, तर बहुतेक पॉलिसींच्या भाषेत तो माणूस बेरोजगार ठरतच नाही, मग त्याची नोकरी कितीही खरोखर गेलेली असो.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे, की हातीपायी धड असताना कोणापुढे हात पसरायचा नाही, हा आपल्याकडचा संस्कार इथे आड येऊ शकतो. चांगल्या पगारावरच्या माणसाला जॉबसेंटरची पायरी चढणे कमीपणाचे वाटते, दोन-तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळेल असे वाटते, आणि नोंदणी राहून जाते. प्रत्यक्षात तिथे मिळणारा न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स हा बेरोजगारी भत्ता, ज्याला सगळे जेएसए म्हणतात, तो आपल्याच पगारातून दरमहा कापलेल्या नॅशनल इन्शुरन्स या सरकारी सामाजिक विम्याच्या वर्गणीवर मिळतो. तो हक्क आहे, आणि विम्याच्या दाव्याचा तो पायाही आहे.

नोकरी सुटण्याआधी

काम कंपनीत असतानाच सुरू होते. तुमचे पद धोक्यात आहे असे पत्र आले, की राजीनामा देऊ नये. कंपनी एकाच ठिकाणच्या वीस किंवा अधिक लोकांना नव्वद दिवसांच्या आत काढणार असेल, तर तिला पहिली नोकरी जाण्याच्या किमान ३० दिवस आधी, आणि शंभर किंवा अधिक लोक असतील तर ४५ दिवस आधी, कर्मचारी प्रतिनिधींशी सल्लामसलत सुरू करावी लागते. हा काळ कागदपत्रे गोळा करण्यासाठी वापरावा.

कंपनीकडून मिळणाऱ्या अखेरच्या पत्रात ‘कम्पल्सरी रिडंडन्सी’ (सक्तीची, स्वतः न मागितलेली) हे शब्द, शेवटच्या दिवसाची तारीख आणि नोटिशीच्या काळाचा तपशील स्पष्ट असावा, असा आग्रह धरावा. यातला पहिला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कंपनीने स्वेच्छा योजना मांडली आणि तुम्ही हात वर करून ती स्वीकारली, तर जॉबसेंटर त्यावरून तुम्हाला दंड करत नाही. स्वेच्छेने घेतलेली रिडंडन्सी ही त्यांच्या नियमांत नोकरी सोडून दिल्यासारखी धरली जात नाही. विमा कंपनी मात्र बहुधा नेमक्या याच कारणावरून दावा फेटाळते. एकच घटना, पण दोन दारांवर दोन वेगळे निकाल लागतात, म्हणून जास्त रकमेच्या आमिषाने स्वेच्छा योजनेवर सही करण्यापूर्वी विम्याचे किती पैसे हातचे जातील याचा हिशेब करावा.

सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे ठरावीक रक्कम घेऊन कंपनीविरुद्धचे दावे सोडून देण्याच्या करारावर, सही करायची असेल, तर त्यातही तीच काळजी घ्यावी. अशा करारात कधी कधी ‘परस्पर संमतीने नोकरी संपली’ असे वाक्य घातलेले असते. करार कायदेशीर ठरण्यासाठी स्वतंत्र सल्ला घेणे बंधनकारकच असते, तेव्हा त्या सल्लागाराला आपल्याकडे बेरोजगारीचा विमा आहे हे आधी सांगावे आणि कारण म्हणून रिडंडन्सी हाच शब्द लिहून घ्यावा.

पॉलिसी काढून वाचणे

आपल्याकडे असा विमा आहे हेच विसरलेले लोक असतात. मॉर्गेज (घरकर्ज) घेताना ब्रोकरने जोडून दिलेली पॉलिसी, बँक खात्यातून दरमहा जाणारा लहानसा हप्ता, कामगार संघटनेच्या सदस्यत्वाबरोबर आलेले संरक्षण, हे सगळे तपासावे. २०२० च्या मार्चमध्ये कोविड आल्यावर अनेक कंपन्यांनी बेरोजगारीचा नवा विमा विकणे थांबवले, त्यामुळे ज्यांच्याकडे त्याआधीची पॉलिसी आहे त्यांनी ती जपून ठेवण्यासारखी आहे.

वाचताना चार गोष्टी शोधाव्यात. पॉलिसी घेतल्यापासून सुरुवातीचे काही महिने, बहुधा तीन किंवा चार, बेरोजगारीचा दावा करता येत नाही. शिवाय पॉलिसी घेताना नोकरी धोक्यात असल्याचे माहीत असेल, तर संरक्षण लागू होत नाही. नोकरी गेल्यानंतर पैसे सुरू होईपर्यंतचा प्रतीक्षाकाळ ३०, ६० किंवा ९० दिवसांचा असू शकतो. काही पॉलिसी तो काळ संपल्यावर पहिल्या दिवसापासूनचे पैसे देतात, काही देत नाहीत. किती महिने पैसे मिळतील, हे तिसरे. बारा महिन्यांची मर्यादा सर्रास आढळते. चौथी गोष्ट म्हणजे दावा कळवण्याची मुदत. प्रतीक्षाकाळ ९० दिवसांचा आहे म्हणून ९० दिवसांनी फोन करणे ही घातक चूक आहे, कारण कळवण्याची मुदत बहुधा नोकरी गेल्या दिवसापासूनच मोजली जाते.

नोटिशीचा काळ काम न करता त्याचे पैसे घेऊन बाहेर पडला असाल, तर विमा कंपनी आणि जॉबसेंटर दोघेही साधारणपणे तेवढा काळ तुम्हाला पगारावर असल्यासारखेच धरतात. म्हणून बेरोजगारीची तारीख आणि ऑफिसातला शेवटचा दिवस या दोन वेगळ्या तारखा असू शकतात.

जॉबसेंटरची नोंदणी

जेएसएचा अर्ज सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, बँक खाते, मागच्या नोकऱ्यांचा तपशील आणि हाती आलेली नोटीस जवळ ठेवावी. त्यानंतर जॉबसेंटरमध्ये वर्क कोचबरोबर, म्हणजे तुमचे प्रकरण पाहणाऱ्या तिथल्या कर्मचाऱ्याबरोबर, भेट ठरते, तिथे ओळखपत्र दाखवावे लागते आणि काम शोधण्यासाठी तुम्ही काय काय करणार याचा करार होतो. साधारणपणे आठवड्याला ३५ तासांपर्यंत काम शोधणे अपेक्षित धरले जाते. पात्रतेसाठी मागच्या दोन पूर्ण करवर्षांत नोकरदार म्हणून पुरेशी वर्गणी भरलेली लागते. रक्कम मोठी नाही: २०२५-२६ या वर्षी पंचवीस वर्षे किंवा त्याहून मोठ्या व्यक्तीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त ९२.०५ पौंड. पहिल्या सात दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत आणि पुढे दर दोन आठवड्यांनी मिळतात. बचत किंवा जोडीदाराचा पगार यांचा या भत्त्यावर परिणाम होत नाही, त्यामुळे ‘बायको कमावते, मला कोण देणार?’ असे म्हणून घरी बसू नये. या भत्त्यावर आयकर मात्र लागू होतो.

खरी मेख पुढे आहे. हा भत्ता जास्तीत जास्त १८२ दिवस मिळतो, आणि विम्याचे पैसे बारा महिने मिळू शकतात. भत्ता थांबला की जॉबसेंटरला जाणे थांबवायचे, असे कोणालाही साहजिक वाटेल. पण नोंद तिथेच तुटते आणि सातव्या महिन्यापासून विमा कंपनीला दाखवायला पुरावाच उरत नाही. त्याऐवजी वर्क कोचला स्पष्ट सांगावे, की पैसे संपले तरी मला नॅशनल इन्शुरन्सच्या क्रेडिटसाठी नोंद चालू ठेवायची आहे. ही सोय, म्हणजे वर्गणी न भरताही ती भरल्यासारखी नोंद होणे, अस्तित्वात आहे. तिने निवृत्तिवेतनाच्या नोंदीत खंड पडत नाही आणि विम्याचा पुरावाही जिवंत राहतो. ज्यांना वर्गणी अपुरी असल्यामुळे भत्ता पहिल्यापासूनच मिळत नाही, त्यांनीही याच मार्गाने नोंद करावी.

युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी भत्ताही घेत असाल, तर विम्याचे पैसे तिथे कळवावेच लागतात. पगाराच्या भरपाईचा विमा तिथे उत्पन्न धरून वजा होतो. व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ अशी अट असलेल्यांनी युनिव्हर्सल क्रेडिटकडे वळू नये. वर्गणीवर मिळणारा न्यू स्टाइल जेएसए त्या निधीत मोडत नाही. तरीही प्रायोजक कंपनीची नोकरी गेली, की स्किल्ड वर्कर व्हिसाचाच प्रश्न उभा राहतो, तेव्हा इमिग्रेशन सल्लागाराला आधी गाठावे.

विम्याचा दावा आणि दरमहाचा फॉर्म

नोंदणीच्या त्याच आठवड्यात विमा कंपनीला कळवावे आणि फॉर्म मागवावा. त्यातला एक भाग जुन्या कंपनीने भरायचा असतो, म्हणून मनुष्यबळ विभागातल्या ओळखीच्या व्यक्तीचा पत्ता नोकरी सोडतानाच घेऊन ठेवावा. फॉर्मबरोबर रिडंडन्सीचे पत्र, पी-४५ (नोकरी सोडताना कंपनी देते तो पगार आणि कराचा दाखला), शेवटच्या पगारपावत्या, जेएसए मंजुरीचे पत्र आणि मॉर्गेजचे विवरण जोडावे. तारखा सगळीकडे सारख्या असाव्यात. जॉबसेंटरला एक आणि विमा कंपनीला दुसरी तारीख सांगितली गेली, तर भरपाई अडण्याचे ते पुरेसे कारण होते.

पैसे सुरू झाल्यावर दर महिन्याला पुन्हा फॉर्म भरावा लागतो आणि काम शोधत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. एका वहीत किंवा तक्त्यात तारीख, कंपनी, पद आणि उत्तर लिहीत जावे. तोच तक्ता वर्क कोचलाही दाखवता येतो.

आपल्या लोकांनी एक मोह आवरायला हवा. नोकरी गेली, मुलांना सुट्टी आहे, तर महिनाभर पुण्याला आईवडिलांकडे जाऊन यावे, हा विचार मनाला फार समजण्यासारखा आहे. पण दोन्ही दावे तुम्ही देशात आहात आणि उद्या काम मिळाले तर उद्या हजर होऊ शकता, या गृहीतावर उभे असतात. न सांगता विमानात बसलात तर दोन्ही बंद पडू शकतात, आणि घेतलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. घरी आजारपण असेल तर दोघांनाही आधी कळवावे, कोणत्या दिवसांचे पैसे मिळणार नाहीत हे लेखी घ्यावे, आणि मग जावे.

थोडे तासांचे काम मिळाले तर तोच नियम. आठवड्याला १६ तासांपेक्षा कमी काम असेल तर जेएसए चालू राहू शकतो, मात्र कमाईनुसार कमी होतो. विमा कंपनीचा नियम याहून कडक असू शकतो, म्हणून काम स्वीकारण्यापूर्वी विचारावे.

दावा नाकारला तर

नकाराचे कारण पॉलिसीच्या कोणत्या कलमावर आहे, हे लेखी मागावे आणि त्याच कंपनीकडे औपचारिक तक्रार करावी. कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे असतात. उत्तर पटले नाही किंवा आलेच नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे ग्राहक आणि वित्तीय कंपन्यांमधले वाद सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येते. अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते आणि त्यासाठी शुल्क नाही. पॉलिसी घेताना तुम्ही माहिती दडवली असा आरोप असेल, तर २०१२ चा ग्राहक विमा कायदा तुमच्या बाजूने काही बोलतो: ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन उत्तरे देणे, एवढीच अपेक्षा त्यात आहे. न विचारलेली गोष्ट न सांगितल्याचा दोष ग्राहकावर येत नाही. दरम्यान मॉर्गेज देणाऱ्या बँकेला परिस्थिती कळवावी; हप्ता चुकण्याआधी बोललेल्या ग्राहकाला सवलतीचे पर्याय अधिक मिळतात.

नवी नोकरी मिळाली, की पहिल्या दिवसाची तारीख जॉबसेंटर आणि विमा कंपनी दोघांनाही कळवावी. ती पॉलिसी मात्र लगेच बंद करू नये. नवी नोकरी काही महिन्यांतच पुन्हा गेली, तर अनेक पॉलिसींमध्ये तो जुनाच दावा पुढे चालू झाला असे धरले जाते, नवा प्रतीक्षाकाळ लागत नाही आणि उरलेले महिने मिळू शकतात. ही मुदत किती आहे, हे कागद बांधून ठेवण्याआधी पाहून घ्यावे आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.