रेताब्लो करताना या चुका टाळा

पेरूमधल्या आयाकुचोचे रेताब्लो पाहिले की ‘हे घरीही जमेल’ असं वाटतं. दोन दारांची लाकडी पेटी आणि आत बोटाएवढी माणसं, गुरं, संत. उकडलेला बटाटा आणि जिप्समची पूड मळून ही माणसं घडवतात, हत्यार म्हणजे टोकदार काडी. साहित्य इतकं साधं असल्यामुळेच लोक घाई करतात, आणि माझ्या वर्गात दर तुकडीला त्याच चुका होतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वाळवण्याची घाई. गेल्या पावसाळ्यात वर्गात एक मुलगी होती, हात अतिशय सुरेख. तिने एक वाजंत्री ताफा केला होता: हार्प वाजवणारा म्हातारा, व्हायोलिनवाला, टोप्या घातलेल्या दोन बायका. म्हाताऱ्याची बोटं तर तारांवर खरोखर टेकलेली दिसत होती. भावाच्या लग्नात भेट द्यायची म्हणून तिने सगळं घरच्या ओव्हनमध्ये ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा टोप्या सुटल्या होत्या, म्हाताऱ्याच्या मानेला आरपार चीर गेली होती आणि बोटांना हात लावला की पीठ होत होतं. ओव्हनमध्ये बाहेरचा थर लवकर आवळतो, आत ओल तशीच राहते, म्हणून चिरा पडतात. शिवाय उष्णता फार वाढली की जिप्समच्या स्फटिकातलं पाणीच उडतं आणि तो भुसभुशीत होतो. अशी मूर्ती नंतर कितीही सरस लावला तरी सावरत नाही. हेअर ड्रायरही तोच घोळ घालतो. मी जाळीवर, सावलीत वाळवते आणि अधूनमधून कूस बदलते. जाड धड आधी करून सुकू देते, मग लगद्यात थोडा सरस मिसळून हात आणि टोपी चिकटवते. आयाकुचो सुमारे पावणेतीन हजार मीटर उंचीवर आहे, तिथली हवा कोरडी. आपल्याकडे जुलैत तीच मूर्ती कितीतरी जास्त दिवस घेते. तेवढे दिवस थांबायची तयारी नसेल तर उन्हाळ्यात करा.

शाडूवर हात बसलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: इथे पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत करायचं नसतं. पृष्ठभाग चिकट होतो आणि नंतर त्याचे पापुद्रे सुटतात. लगदा भाकरीच्या पिठापेक्षा थोडा घट्ट हवा.

बटाट्यात गाठी राहिल्या तर बारीक चेहरा होणारच नाही, पाट्यावर वाटून घ्या.

एकदम सगळा लगदा मळू नका. थोडाथोडा घ्या, उरलेला ओल्या फडक्याखाली ठेवा.

आतून ओल असताना रंग लावला की बुरशी आलीच.

दुसरी चूक मला जास्त खुपते: पेटीत काहीही भरणं. एक लामा (तिथला लोकरीचा प्राणी), दोन निवडुंग, एक रंगीत टोपी, झाला पेरू! रेताब्लोची जुनी पेटी सान मार्कोसच्या नावाने ओळखली जायची आणि गुरांना डाग देण्याच्या विधीत ती मांडली जायची. वरच्या मजल्यावर जनावरांचे रक्षक संत: गुरांचा सान मार्कोस, मेंढ्यांचा सान हुआन, शेळ्यांची सांता इनेस. खालच्या मजल्यावर माणसांचं जग, त्यात गुरं चोरणाऱ्याला झाडाला बांधून मारणारा जमीनदार आणि गयावया करणारी चोराची बायकोसुद्धा. कोण कुठे उभा आहे याला अर्थ आहे.

विषय बदलायला काहीच हरकत नाही, खुद्द तिथेही तो बदलला. आयाकुचोचे रेताब्लो कारागीर होआकिन लोपेझ अंताय (१८९७–१९८१) हे काम आपल्या आजीकडून, मान्युएला मोमेदियानोकडून शिकले. १९४० च्या दशकात लिमाच्या चित्रकार आलिसिया बुस्तामांते यांच्या आग्रहावरून ते बाजार, सण, रोजचं जगणं पेटीत मांडू लागले. १९७५ चा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा ‘हा तर कारागीर’ म्हणून काही चित्रकारांनी निषेध केला. रेताब्लो करणाऱ्या हिमेनेझ कुटुंबातल्या एदिल्बेर्तो यांनी तर १९८० नंतरच्या, बंडखोर आणि लष्कर यांच्यातल्या हिंसाचारातली गावं याच पेटीत उभी केली. त्या प्रत्येक पेटीत कुणीतरी काहीतरी करतंय. म्हणून मी आधी कागदावर लिहायला लावते: वर कोण, खाली कोण, कोण कुणाकडे बघतंय. हे लिहिता येत नसेल तर लगदा मळू नका. तुम्हाला माहीत असलेली जत्रा करा, मंडई करा, पण प्रत्येकाच्या हाताला काम द्या.

सिलिकॉनच्या साच्यांबद्दल हमखास विचारतात. साचे जुने कारागीरही वापरत, त्याला माझा विरोध नाही. पण पहिल्याच दिवशी साचा मागणाऱ्याला मी नाही म्हणते. आधी वीस चेहरे काडीने करा, नाक आणि गाल कुठून उचलायचे ते बोटांना कळू द्या.

कोऱ्या लाकडावर थेट रंग नको. सरस आणि जिप्समचा पांढरा हात द्या, घासा, मग दारांवर फुलं काढा. आणि दारं मूर्ती बसवण्याआधी मिटून बघा. पुढे आलेली टोपी दाराला अडली की तासून भागत नाही, अख्खा माणूस उपटावा लागतो.