तणनाशकाची इजा: रंग नंतर, आधी पान पाहा

तणनाशकाचं नाव, त्याचा गट, ते झाडातलं कोणतं विकर (एन्झाइम) बंद पाडतं, हे तुम्ही पाठ केलंच असेल. ते लागतं. पण पिवळं पडलेलं पीक समोर आलं की त्या यादीतून उत्तर निघत नाही. मला तर या पिवळेपणानं रडकुंडीला आणलं होतं, आणि आजही अशा शेतात पाऊल टाकताना छातीत धडधडतं.

पिवळा रंग हा पुरावा नाही. कोणतं पान आधी पिवळं झालं, हे विचारा. ॲट्राझिन हे तणनाशक मुळांतून शोषलं जातं आणि पाण्याबरोबर वर चढतं. जी पानं जास्त पाणी खेचतात, त्या वाढलेल्या खालच्या पानांत ते साठतं. आधी कडा पिवळ्या पडतात, मग करपतात. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचा प्रवास वेगळा. पानातून आत शिरून ते साखरेबरोबर वाढीच्या भागाकडे जातं आणि तिथे तीन अमिनो आम्लांची निर्मिती अडवतं. म्हणून आधी शेंडा फिका पडतो, तोही बहुधा काही दिवसांनी. तोवर जुनी पानं हिरवी असतात.

एवढं समजलं की निदान जमलं असं वाटतं. खरा सापळा तिथेच आहे. पालाश (पोटॅश) कमी पडलं तरी खालच्याच पानांच्या कडा करपतात, अगदी ॲट्राझिनसारख्या. लोह कमी पडलं तर नवी पानं पिवळी होतात, इमॅझेथापायर या तणनाशकानेही होतात. फक्त इमॅझेथापायरच्या इजेत पेरीही आखडतात आणि कधी पानामागच्या शिरा लालसर दिसतात. एकट्या पानावर विसंबू नका. शेताच्या कडेला उभे राहून इजेचा नकाशा काढा. अन्नद्रव्याची कमतरता सहसा जमिनीच्या पोताप्रमाणे पसरते, फवारणीची इजा फवारणाऱ्याच्या चालीप्रमाणे. वळणावर दुहेरी फवारा पडला तिथे ती जास्त दिसेल. वाऱ्याने उडून आलेलं औषध एका कडेला जोरात लागतं आणि आत जाता जाता विरतं.

बाकीच्या तणनाशकांची लक्षणं तुलनेनं सोपी आहेत, घाबरू नका. २,४-डीनं देठ पिळवटतात, कपाशीची पानं अरुंद होऊन शिरा समांतर दिसतात. पॅराक्वाटचे डाग उन्हात काही तासांतच उमटतात. क्विझालोफॉप लागलेल्या गवताचा पोंगा (मधली न उलगडलेली पानं) ओढला की सहज निघतो, बुडाशी तो तपकिरी असतो. टेंबोट्रायोननं नवी वाढ पांढरी पडते.

मोबाईलवर फोटो टाकून निदान मागू नका. फोटोत मुळं नसतात, फवारणीची तारीख नसते. पेंडिमेथॅलिननं जाड, आखूड झालेली मुळांची टोकं रोप उपटल्याशिवाय दिसत नाहीत. जो मार्गदर्शक हातात खुरपं न घेता बांधावरूनच नाव सांगतो, त्याच्यामागे फिरण्यात वेळ घालवू नका, मग त्याची पदवी कितीही मोठी असो.

पहिल्याच भेटीत पीक मोडायचा सल्ला तर मुळीच देऊ नका. त्यावर कुणाचा तरी हंगाम ठरतो. वाढबिंदू जिवंत असेल तर पीक अनेकदा सावरतं. काही रोपांना दोरा बांधून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी तीच रोपं पाहा. नवी पालवी निरोगी असेल, तर स्पर्शजन्य, म्हणजे जिथे पडतं तिथेच इजा करणाऱ्या औषधाची शक्यता वाढते. तीही वाकडी किंवा फिकी निघत असेल, तर औषध अजून झाडात फिरतंय किंवा मातीतून येतंय. मग आधीच्या पिकावर काय मारलं होतं, हेही विचारावं लागेल.