जुलाब लागल्यावर पुडी कुठं चुकते? या चुका टाळा

मराठवाड्यात टँकर सुरू झाले की घरात कुणाला तरी जुलाब लागतातच. आशाताई ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची पुडी देऊन जातात आणि खरी गडबड तिथून पुढं होते.

आमच्या आत्यानं अख्खी पुडी एका ग्लासात कालवली. “लेकरू लिटरभर पाणी कधी पिणार?” हे तिचं म्हणणं. पण 20.5 ग्रॅमची पुडी एक लिटरसाठीच असते. द्रावण घट्ट झालं की आतडं शरीरातलंच पाणी ओढून घेतं, जुलाब वाढतात. 200 मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात, म्हणून आधी पुडीवरचं वाचा. लिटरभर एका दमात पाजायचं नसतंच. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, तोही चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्यायचं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाका.

“सलाइन लावा, लवकर उतार पडंल” हा हट्ट तर घरोघरी. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आले. शुद्धीत असलेल्या, पिऊ शकणाऱ्या बहुतेक रुग्णांना तेवढं पुरतं.

जेवण आणि अंगावरचं दूध तोडू नका. जुलाब थांबवायची गोळी लेकरांना नको. झिंकची गोळी मात्र जुलाब थांबले तरी 14 दिवस द्यायची. ती चौथ्या दिवशीच फडताळात जाते, हे ठरलेलंच.

पाण्याचं म्हणाल तर तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी खळखळ उकळा, नाहीतर मेडिक्लोर, म्हणजे पाण्यातले जंतू मारायचं क्लोरीनचं औषध, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. रांजणात हात बुडवू नका, दांड्याचं ओगराळं ठेवा.

डोळे खोल गेले, लेकरू सुस्तावलं, सहा तास लघवी नाही किंवा शौचातून रक्त पडतंय, तर पुडीवर विसंबू नका. 108 ला फोन लावा, वाटेत घोट-घोट पाजत न्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळं पैशांची जुळवाजुळव करत बसू नका.