हात दुखतोय? स्पंजचा चेंडू जरा बाजूला ठेवा

हात दुखायला लागला की बरेच जण स्पंजचा चेंडू आणतात आणि सिग्नलला, मीटिंगमध्ये, जमेल तिथे दाबत बसतात. पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये क्लच-ब्रेक आवळून आणि नंतर दिवसभर माउस धरून बोटं मिटणारे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आधीच शिणलेले असतात. त्यांनाच परत कशाला जुंपायचं?

त्यापेक्षा टेंडन सरकवण्याचा व्यायाम करा. मनगट सरळ, बोटं ताठ. आता बोटांचे वरचे दोनच सांधे वाकवून हुकासारखा आकडा करा. मुळाचा सांधा सरळच हवा. परत ताठ. मग पूर्ण मूठ, परत ताठ. शेवटी बोटांची टोकं तळहाताच्या तळाशी टेकवून सपाट मूठ, टोकाचा सांधा न वाकवता. आकडा टाळू नका: बोट मिटणारे दोन टेंडन एकमेकांवरून सर्वात जास्त सरकतात ते याच स्थितीत. 5 ते 10 फेऱ्या, दिवसातून दोन-तीनदा. सकाळी हात आखडत असेल तर आधी कोमट पाण्यात बुडवा.

ताकदीसाठी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर पाचही बोटांच्या टोकांभोवती घालून बोटं फाकवा आणि सावकाश परत आणा. मिटताना रबराला झटका मारू देऊ नका, खरा व्यायाम तिथेच होतो. ताण चालेल, कळ आली की थांबायचं.

टेंडन तुटून शिवलेला असेल तर यातलं काहीही मनाने नको. पहिले 6 आठवडे टाका नाजूक असतो, जड उचलायला साधारण 12 आठवडे जातात. व्यायाम फिजिओथेरपिस्ट सांगतील तेच. बोट अडकून ‘टक्’ करत उघडत असेल किंवा रात्री मुंग्या येत असतील, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.