नवी व्हिस्की घेतलीत? मग या चुका टाळा

नाशिकमध्ये सिंगल माल्ट व्हिस्की हौसेने घेणारी मंडळी आता जवळपास प्रत्येक सोसायटीत सापडतात. शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरात कुणाच्या गच्चीवर मैफल जमली की पहिला प्रश्न असतो, "नवीन काय घेतलंस?" पिशवीतून डबा निघतो, डब्यातून बाटली, ती हातोहात फिरते, फोटो निघतात. मला हे फार आवडतं. पण त्याच बाटल्या सहा-आठ महिन्यांनी पुन्हा समोर आल्या की जीव हळहळतो. कुणाचं बूच भुसभुशीत झालेलं असतं, कुणाच्या व्हिस्कीचा वासच उडालेला असतो, तर कुणाची बाटली मुळातच भलत्या वाटेने आलेली असते. एवढे पैसे मोजून घेतलेली वस्तू निव्वळ माहिती नसल्यामुळे वाया जाते.

वाइनची शिस्त व्हिस्कीला नको

आपल्याकडे लोक बाटली सांभाळायला शिकले ते वाइनवरून. गंगापूर धरणाच्या काठापासून दिंडोरीपर्यंत वायनरी आहेत आणि तिथल्या टेस्टिंग रूममध्ये ऐकलेलं डोक्यात पक्कं बसलंय: बाटली आडवी ठेवा, उघडली की फ्रिजमध्ये ठेवा, उरली तर पंपाने हवा काढा. वाइनसाठी हे बरोबरच आहे. व्हिस्कीला यातलं काहीच नको.

वाइनमध्ये अल्कोहोल असतं १२ ते १४ टक्के. स्कॉचमध्ये ते किमान ४० टक्के, आणि कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली बाटली असेल तर ५५-६० टक्क्यांपर्यंत. इतकं तेज अल्कोहोल महिनोन्‌महिने बुचाला लागून राहिलं की बूच मऊ पडतं, त्याची चव आत उतरते आणि मग गळती सुरू होते. म्हणून व्हिस्कीची बाटली कायम उभी ठेवायची. आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी असते, त्या दिवसांत बूच सुकू नये म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा बाटली क्षणभर कलती करून बूच ओलं करायचं आणि लगेच उभी करायची. फिरकीचं झाकण असेल तर तेवढंही करायला नको.

पंपाने हवा काढताना हवेबरोबर वासही खेचला जातो. व्हिस्कीतले फळांचे, फुलांचे हलके गंध आधीच नाजूक असतात, ते सगळ्यात आधी जातात. बाटलीत मोकळी जागा वाढली की हवेमुळे चव बोथट होते, हे खरंच आहे, पण त्याला सोपा उपाय आहे. तिसरा हिस्सा उरला की व्हिस्की स्वच्छ, पूर्ण कोरड्या, काचेच्या छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. वर कागद चिकटवून नाव, टक्केवारी आणि मूळ बाटली उघडल्याची तारीख लिहा. पाण्याची प्लास्टिकची बाटली वापरू नका. स्कॉटलंडमधल्या आयला बेटावरच्या लाफ्रॉयग, आर्डबेगसारख्या धुराच्या वासाच्या व्हिस्की उघडल्या की फार लांबवू नका. त्यांचा धूर हळूहळू निवत जातो.

फ्रिजचं म्हणाल तर व्हिस्की त्यात खराब होत नाही, पण थंडपणामुळे वास दबतो आणि पैसे ज्यासाठी मोजले तेच कळत नाही.

खरं नुकसान करतात ते ऊन आणि उष्णता. नाशिक थंड हवेचं गाव ही ओळख जुनी झाली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरचा फ्लॅट रात्री अकरापर्यंत धगधगत असतो. हौसेने बनवलेलं काचेचं शोकेस नेमकं पश्चिमेच्या खिडकीसमोर येतं. एका मित्राकडे एकाच व्हिस्कीच्या दोन बाटल्या होत्या, एक शोकेसमध्ये आणि एक डब्यासकट कपाटात. वर्षाच्या आत शोकेसमधलीचा रंग इतका उतरला होता की शेजारी शेजारी ठेवल्यावर ती पाणी घातल्यासारखी दिसत होती. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा ही बाटलीची उत्तम जागा. माळा नको, तो थेट तापलेल्या स्लॅबखाली असतो. पावसाळ्यात मात्र डब्याला आणि लेबलला बुरशी धरते, तेव्हा अधूनमधून कपाट उघडून हवा लागू द्या.

जड क्रिस्टलच्या डिकँटरबद्दलही, म्हणजे दारू ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईबद्दलही, एक सांगायला हवं. जुन्या पद्धतीच्या क्रिस्टल काचेत शिसं असतं आणि दारू त्यात दिवसेंदिवस राहिली तर ते तिच्यात उतरतं. पाहुण्यांसमोर एका संध्याकाळपुरता तो वापरा, उरलेली व्हिस्की परत बाटलीत ओता.

फोटोआधी लेबल वाचा

बाटलीचा आकार आणि डब्यावरची सोनेरी अक्षरं बघून घेणारे खूप आहेत. लेबलवर मात्र सगळं लिहिलेलं असतं, वाचायला दोन मिनिटं लागतात.

लेबलवरचं १२ म्हणजे त्या बाटलीतल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीने लाकडी पिंपात काढलेली वर्षं. हे वय बाटलीत वाढत नाही. २०१५ साली घेऊन कपाटात ठेवलेली बारा वर्षांची स्कॉच आजही बाराच वर्षांची आहे. "मुरू दे अजून" म्हणून न उघडता ठेवण्यात काही हशील नाही.

दुसरा गैरसमज मला जास्त खुपतो. भारतीय माल्टवर बहुधा वय लिहिलेलं नसतं म्हणून लोक ती हलकी समजतात. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिंपातली व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते. बेंगळुरूच्या हवेत हेच प्रमाण १० ते १२ टक्क्यांवर जातं. उष्णतेमुळे व्हिस्की लाकडातून रंग आणि चवही झपाट्याने ओढून घेते. तिथली बारा वर्षं आणि इथली बारा वर्षं एका मापाने मोजताच येत नाहीत. इतका काळ ठेवली तर आपल्याकडे पिंपाचा बराचसा भाग रिकामा झालेला असेल. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने आपली सिंगल माल्ट २००४ साली पहिल्यांदा बाजारात आणली ती थेट ग्लासगोमध्ये, स्कॉच पिणाऱ्यांच्या घरात, आणि तिथे ती टिकली. नाशिककरांना तर लांब जायलाही नको. पर्नो रिकार या फ्रेंच कंपनीने २०२२ मध्ये आणलेली लाँजिट्यूड ७७ ही सिंगल माल्ट आपल्या दिंडोरीतच तयार होते.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की. नुसतं व्हिस्की लिहिलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांत उसाच्या मळीपासून काढलेला स्पिरिट असतो आणि त्यात थोडा माल्ट मिसळलेला असतो. आयात केलेला स्कॉच माल्ट मिसळला म्हणून ती स्कॉच होत नाही, लेबलवर ते शब्द कितीही मोठे असोत. आवडत असेल तर खुशाल घ्या, पण काय घेतोय ते माहीत असू द्या. भारतीय बाटलीवर '२५ यू.पी.' असं दिसलं तर तो आकडा वयाचाही नाही आणि अल्कोहोलच्या टक्क्यांचाही नाही. ती तीव्रता मोजायची जुनी पद्धत आहे आणि तिचा अर्थ ४२.८ टक्के.

पदकांबद्दल सावध राहा. २०२३ मध्ये इंद्री या भारतीय सिंगल माल्टच्या दिवाळी कलेक्टर्स एडिशनला अमेरिकेतल्या व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला आणि दुकानांत जो तो इंद्री मागायला लागला. मिळत होती ती इंद्रीची नेहमीची आवृत्ती, त्रिनी. त्रिनी चांगलीच आहे, तीन प्रकारच्या पिंपांतली, ४६ टक्क्यांची. पण बक्षीस मिळालं होतं ते वेगळ्या बाटलीला. पदक एका आवृत्तीचं असतं, सगळ्या घराण्याचं नसतं.

भावाची तुलना करतानाही लोक फसतात. ड्यूटी फ्रीमधली बाटली बहुतेक एक लिटरची, आपल्या दुकानातली ७५० मिलीची आणि युरोपातली ७०० मिलीची असते. आधी शंभर मिलीचा भाव काढा, मग बोला. आणि ब्रिटनबरोबर २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात स्कॉचवरचं १५० टक्के आयात शुल्क आधी ७५ आणि पुढच्या दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय म्हणून बाटली अर्ध्या किमतीत येईल, या भरवशावर खरेदी थांबवू नका. त्यावर राज्याचा उत्पादन शुल्क आणि व्हॅट वेगळा असतो, दुकानातला भाव त्या सगळ्याचा मिळून ठरतो.

ग्लास गढूळ झाला म्हणून घाबरू नका

रात्री दहाला एका मित्राचा फोन आला. "भाऊ, दुकानदाराने फसवलं. बर्फ टाकला आणि माल ढगाळ झाला."

"लेबलवर किती टक्के लिहिलंय?"

"शेहेचाळीस."

"आणि नॉन चिल फिल्टर्ड?"

थोडा वेळ शांतता, मग, "हो, लिहिलंय की खाली बारीक अक्षरात."

व्हिस्कीत धान्यातून आणि पिंपातून आलेले तेलकट घटक असतात. अल्कोहोल भरपूर असेपर्यंत ते विरघळलेले राहतात; बर्फाने थंडावा आला किंवा पाणी घालून टक्केवारी उतरली की ते वेगळे होतात आणि ग्लास धुरकट दिसतो. कित्येक कंपन्या हे टाळायला व्हिस्की थंड करून गाळतात. काहीजण मुद्दाम गाळत नाहीत (नॉन चिल फिल्टर्ड म्हणजे हेच), कारण त्याच घटकांत जिभेवरची भरीव, लोण्यासारखी चव असते. म्हणजे गढूळपणा दिसला तर बहुधा तुमच्या हातात चांगली बाटली आहे. ती परत करायला दुकानात जाऊ नका.

बनावट ओळखण्याच्या घरगुती परीक्षाही सोडून द्या. बाटली हलवून फेस बघतात. फेस टिकला तर अल्कोहोल जास्त, इतकंच त्यातून कळतं. तळहातावर चोळून वास घेतला तर अस्सल-नकलीचा पत्ता लागत नाही. त्यापेक्षा झाकणाचं सील अखंड आहे का, झाकण नुसतंच गरगर फिरतंय का, राज्य उत्पादन शुल्काचं लेबल नीट चिकटलेलं आहे का, काचेवरचा किंवा लेबलवरचा बॅच क्रमांक कुणी खरवडलाय का, त्याच ब्रँडच्या शेजारच्या बाटलीपेक्षा पातळी खाली आहे का, हे दुकानातल्या उजेडातच बघून घ्या. बिल मागून घ्या आणि बाटली संपेपर्यंत जपा. शंका आली तर पिऊ नका.

पहिल्याच घोटात घसा जळाला म्हणून बाटलीला नावं ठेवणारेही भेटतात. कास्क स्ट्रेंथ पाणी-बर्फाशिवायच प्यायली पाहिजे असा नियम नाही. चमचाभर साधं पाणी घाला, दोन मिनिटं थांबा, परत वास घ्या. मे महिन्याच्या उकाड्यात तर ग्लासातून वाफेसारखं अल्कोहोलच नाकात जातं, तेव्हा एखादा बर्फाचा खडा टाकण्यात कमीपणा अजिबात नाही.

बूच तुटलं तर

बूच सरळ वर ओढायचं नाही. एका हाताने ते घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हाताने बाटली हळूहळू फिरवायची. तरीही अर्धं आत राहिलं तर वाइनचा स्क्रू कामाला येतो, आणि तो नाशिकच्या घरात असतोच. स्क्रू तिरका, अगदी सावकाश शिरवा. जोर लावला तर तुकडा आत पडेल. पडलाच तर व्हिस्की मलमलच्या स्वच्छ कापडातून किंवा कॉफीच्या फिल्टर कागदातून दुसऱ्या बाटलीत गाळून घ्या. चवीला काही होत नाही. संपलेल्या बाटल्यांची चांगली बुचं धुऊन, वाळवून एका डबीत ठेवायची सवय लावा. मापं वेगवेगळी असतात, पण पाच-सहांतलं एखादं बसतंच.

दमणची बाटली, ओळखीची बाटली

ही चूक सगळ्यात महाग पडते. "दमणला निम्म्या भावात मिळते" म्हणून वीकेंडला गाडी काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. दमण किंवा सिल्वासात विक्रीसाठी असलेली दारू परवानगीशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे. शिवाय दमणहून पेठमार्गे परतताना वाटेत गुजरात लागतो आणि तिथे दारूबंदी आहे, म्हणजे एकाच फेरीत दोन राज्यांचे कायदे मोडले जातात. पकडलं गेलं तर बाटलीबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. हजार-दीड हजार वाचवायला एवढा धोका कशाला?

परदेशातून येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर दारू शुल्क न भरता आणता येते, ती खुशाल आणा. पण "एअरपोर्टवर माझा माणूस आहे" म्हणून घरपोच येणाऱ्या ड्यूटी फ्री बाटल्यांपासून लांब राहा. बिल नाही, राज्याचं लेबल नाही, तक्रार करायला दुकान नाही. बनावट माल खपवायला याहून सोयीची वाट नाही. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवाना हवा. एका दिवसाचा परवाना दुकानातही मिळतो, पण नियमित घेत असाल तर वर्षाचा किंवा आजीवन काढून टाका.

दुर्मीळ बाटली गुंतवणूक म्हणून घेताय? परवान्याशिवाय दारू विकता येत नाही, मग ती तुमच्या कपाटातली सीलबंद बाटली का असेना. मित्राला पैसे घेऊन ६० मिली ओतून देणंही विक्रीतच मोडतं. प्यायची असेल तर घ्या, पाजायची असेल तर घ्या.

रिकामी बाटली जशीच्या तशी देऊ नका

महागड्या बाटल्यांचे रिकामे नग, त्यात डबा आणि बूच शाबूत असेल तर विशेषच, भंगारात चांगल्या भावाने जातात. त्यातल्या काही स्वस्त दारू भरून परत बाजारात येतात. भंगारवाल्या दादांना बाटली देण्याआधी ती तासभर पाण्यात बुडवून लेबल खरवडून काढा, राज्याचं स्टिकर फाडा, डबा चपटा करून रद्दीत टाका आणि झाकण सुरीने चिरून वेगळ्या कचऱ्यात द्या.