जॉयस्टिकच्या ब्रॅकेटचं बिल लावण्याआधी

उदगीरच्या मावसभावाचा परवा फोन आला. पोरासाठी बॅटरीवरची व्हीलचेअर घ्यायची आहे, जॉयस्टिक बाजूला वळवणारा ब्रॅकेटही लागणार आहे. "अक्का, तू केलंयस की हे सगळं. काय काय कागदं लागतेत ते सांग." केलंय खरं, पण पहिल्या वेळी १४,१६० रुपये बुडवून. विमा कंपनीच्या नकाराच्या पत्रात एकच ओळ होती : सदर वस्तूचा उल्लेख डॉक्टरांच्या चिठ्ठीत नाही. खुर्ची चिठ्ठीत होती, हवेची गादी होती, कमरेचा पट्टासुद्धा होता. ब्रॅकेट नव्हता. म्हणून ही यादी चिठ्ठीपासून सुरू होते, आणि मी मधून मधून परत चिठ्ठीवरच येणार आहे.

आधी वस्तू समजून घ्या, कारण कागद तपासणाऱ्या माणसाने ती कधी पाहिलेली नसते. जॉयस्टिक म्हणजे खुर्ची चालवायचा दांडा, त्याची डबी हाताच्या टेकूच्या पुढच्या टोकाला बसते. साधा ब्रॅकेट ती तिथेच धरून ठेवतो. वळणारा ब्रॅकेट ती बाहेरच्या बाजूला, मागे नेतो. फरक केवढा? माझा धाकटा भाऊ टेबलाशी जेवायला आला की टेबलाची कड जॉयस्टिकला लागायची, जॉयस्टिक मागे दाबली जायची आणि खुर्ची हिसका देऊन मागे सरकायची. एका दुपारी गरम वरणाची वाटी मांडीवर सांडली. मानेच्या मणक्याला मार आहे, खाली जाणीव नाही, त्यामुळे त्याला भाजलेलं कळलंच नाही. संध्याकाळी आईने पायजमा बदलताना तळहाताएवढा फोड पाहिला. आणि हा फोड मी डॉक्टरांना सांगितला नाही! जखमेच्या मलमपट्टीला दुसरीकडे गेलो, ब्रॅकेट मागवला, आणि दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कागदावर कुठेच आलं नाही.

तर चिठ्ठी. पुनर्वसन विभागाच्या डॉक्टरांकडून घ्या, जमलं तर सोबत ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे रोजची कामं कशी जमवायची ते शिकवणाऱ्याचं, टिपण. तुम्ही फक्त "व्हीलचेअर लिहून द्या" म्हणालात तर ते व्हीलचेअर लिहून देतील, त्यांची चूक नाही. घरी काय अडतंय ते सांगा. आमच्या दुसऱ्या चिठ्ठीत मजकूर साधारण असा होता : हाताची ताकद कमी, जॉयस्टिक डाव्या हातानेच चालते, खाटेवर बाजूने सरकताना आणि टेबलाशी बसताना जॉयस्टिक वाटेतून काढणं गरजेचं, ती न निघाल्याने एकदा भाजण्याची इजा, म्हणून बाजूला वळणारा ब्रॅकेट, डावी बाजू, नग एक. सगळं आलं. वस्तू, बाजू, नग, कारण. ब्रॅकेटला स्वतःची ओळ हवी. "व्हीलचेअर व इतर साहित्य" हे चालत नाही, "इतर"मध्ये काय आहे ते कुणी विचारत बसत नाही, सरळ कापतात.

आणि तारीख. चिठ्ठी आधी, बिल नंतर. नकार आल्यावर मी परभणीहून संभाजीनगरला गेले आणि डॉक्टरांना मागची तारीख टाकून ब्रॅकेट लिहून द्या म्हणाले. त्यांनी नकार दिला. तेव्हा राग आला होता, पण बरोबर तेच होते. खोट्या तारखेचा कागद सापडला असता तर खुर्चीचं बिलही अडकलं असतं.

पैसे कोण देणार, हे खरेदीआधी लेखी विचारा. आमच्याकडे भावाच्या वाळूजच्या नोकरीतली ग्रुप पॉलिसी, म्हणजे कंपनीने सगळ्या कामगारांचा मिळून काढलेला विमा, होती, तीत साधनांसाठी वेगळी मर्यादा होती. साध्या मेडिक्लेमवर फार भिस्त ठेवू नका. विमा नियामकाने न मिळणाऱ्या खर्चांची जी यादी केली आहे तिच्यात चालायला मदत करणारी साधनं आहेत, आणि तपशील न लिहिलेलं कुठलंही "किट"ही आहे. म्हणजे दुकानदाराने "जॉयस्टिक किट" असं छापलं की तुम्हीच त्यांच्या हातात कारण दिलंत. एचआरला ईमेल करा, वस्तूचं नाव लिहून विचारा, उत्तर छापून ठेवा. फोनवरचं "हो हो, होतं" याला काही किंमत नाही.

खुर्ची एडिप योजनेच्या (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची योजना) शिबिरातून मिळाली असेल तर तुमच्याकडे खुर्चीचं बिलच नसतं. मग हा ब्रॅकेट कोणत्या खुर्चीचा, असा प्रश्न येतो. वाटपाची पोच आणि खुर्चीवरच्या नंबराच्या पट्टीचा फोटो जोडा. ग्रामपंचायत, नगरपालिकेत दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी ठेवलेला असतो, विम्याने हात वर केले तर तिथेही अर्ज करून बघा.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), आधार : आहेतच.

कोटेशन. इथे नावांचा घोळ होतो. आम्ही घरी त्याला दांडी म्हणतो, बसवणारा मिस्त्री ब्रॅकेट म्हणतो, दुकानदाराच्या यादीत स्विंग-अवे आर्म, आणि आमच्या पहिल्या बिलावर काय होतं? "लोखंडी फिटिंग". एका वस्तूची चार नावं म्हणजे तपासणाऱ्याच्या हिशोबाने चार वस्तू. चिठ्ठीत जे नाव आहे तेच कोटेशनवर, तेच बिलावर, अक्षर न बदलता. चिठ्ठीची झेरॉक्स दुकानदाराच्या समोर ठेवा आणि म्हणा, हे बघून लिहा. अमेरिकेत याच वस्तूला बिलात स्वतःचा कोड आहे, ई१०३२; तिथे कारण तर लिहावं लागतंच, पण निदान वस्तू कोणती यावर वाद नको. आपल्याकडे तसा कोड नाही, सगळी मदार शब्दांवर. म्हणून परत सांगते, चिठ्ठीत ब्रॅकेट हा शब्द हवा.

"लोखंडी फिटिंग"मुळे आणखी एक फटका बसला. १२,००० च्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी लागला, २,१६०. खरं तर दिव्यांगांच्या खुर्चीच्या सुट्या भागांवरचा कर डिसेंबर २०१८ मध्ये जीएसटी परिषदेने २८ वरून थेट ५ टक्क्यांवर आणला. ५ टक्क्यांनी ६०० रुपये झाले असते. बिलावर एचएसएन, म्हणजे कर ठरवणारा वस्तूचा क्रमांक, ८७१४ आहे का बघा. दुकानदार म्हणेल, "ताई, एवढं काय त्यात?" त्यात १,५६० रुपये आहेत.

मापं घ्या : टेकूच्या नळीची जाडी, कोपरापासून तळव्यापर्यंतचं अंतर, जेवायच्या टेबलाची उंची. उजवा-डावा दोनदा विचारा. चुकीच्या बाजूचा ब्रॅकेट परत गेला की बिल बदलतं, तारीख बदलते, आणि मग सगळंच परत. फोटो दोन पुरेत, एक जॉयस्टिक टेबलाला अडलेली, एक वळवलेली.

बसवायची मजुरी बिलात वेगळी लिहून घ्या. पैसे खात्यातून द्या, रोखीची कच्ची पावती कुणी मानत नाही.

क्लेम फॉर्म, रद्द केलेला चेक, मूळ बिल, सगळ्याची झेरॉक्स आपल्याकडे. मुदत पॉलिसीत बघा, माझ्यावर विसंबू नका. पोच घ्या. नकार आला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. नकारापासून एका वर्षाच्या आत. फी नाही, वकील नको.

बाकी काही आठवलं तर फोन कर म्हणाले मावसभावाला. पाकीट चिकटवायच्या आधी मात्र चिठ्ठी परत बाहेर काढ, ब्रॅकेट लिहिलंय तिथे बोट ठेव आणि पोराकडून मोठ्याने वाचून घे.